पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघा

पिल्लू आणायचं ठरलं की घरातला प्रत्येकजण काहीतरी विचारतो. रंग कोणता, नर की मादी, किंमत किती, 'पेपर्स' आहेत का, लस टोचलीय का. आईचे गुडघे कुणी तपासलेत का, बापाचं हृदय कुणी ऐकलंय का, हे मात्र जवळजवळ कुणी विचारत नाही. पॉमेरेनियन, चिवावा, पग, शिट्झू, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल या छोट्या जातींच्या बाबतीत पुढची बारा-चौदा वर्षं कशी जाणार हे याच प्रश्नांवर ठरतं. आठ आठवड्यांचं पिल्लू निरोगीच दिसतं. गुडघा सहाव्या-सातव्या महिन्यात निसटू लागतो, श्वास पहिल्या कडक उन्हाळ्यात अडतो, हृदयाची झडप मधल्या वयात गळू लागते. तोवर ते पिल्लू घरातलं झालेलं असतं आणि त्याच आईबापांची आणखी दोन वेतं विकली गेलेली असतात.

म्हणून हे लिखाण दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जे पिल्लू घेणार आहेत. आणि दुसरे, जे आपल्या घरच्या मादीला 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' म्हणून नर शोधताहेत.

आधी एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्याला 'पॉमेरियन' म्हणतात, तो पांढरा, लांबट तोंडाचा, सतत भुंकणारा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी त्यातलाच. इंडियन स्पिट्झ आपल्या हवेत पिढ्यान् पिढ्या तगलेला, बऱ्यापैकी काटक प्राणी आहे. आता शहरांत 'टॉय पॉम' म्हणून भारी किमतीला विकला जाणारा दोन-अडीच किलोचा, आखूड तोंडाचा कुत्रा वेगळा. त्याचे पूर्वजही मोठे होते. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून आणलेला तिचा लाडका 'मार्को' बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपासचा होता; आज अमेरिकी मानकात या जातीचं वजन तीन ते सात पौंड धरलेलं आहे. माणसांनी लहानात लहान कुत्री निवडून एकमेकांना लावली आणि आकार घटवला. त्या निवडीत सांधे, दात, कवटी आणि श्वासनलिका यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

छोट्या जातींत सर्वांत जास्त दिसणारी तक्रार गुडघ्याच्या वाटीची. मांडीच्या हाडाला खाली एक खाच असते आणि वाटी त्या खाचेतून वर-खाली सरकते. खाच उथळ असेल किंवा पायाची ठेवण थोडी वाकडी असेल, तर वाटी आतल्या बाजूला निसटते. कुत्रं धावता धावता एक मागचा पाय उचलतं, दोन-चार पावलं लंगडी घातल्यासारखं उड्या मारतं, पाय झटकतं आणि पुन्हा नीट चालू लागतं. ते विव्हळत नाही, म्हणून घरातले हसतात, व्हिडिओ काढतात. 'आमचा नाचतो' म्हणून दाखवलेले असे व्हिडिओ पाहताना मला वाईट वाटतं, कारण तो नाच म्हणजे निसटलेली वाटी जागेवर आणण्याची धडपड असते.

डॉक्टर हाताने चाचपून या दोषाच्या चार पायऱ्या ठरवतात. पहिल्या पायरीत वाटी बोटाने ढकलली तर सरकते आणि सोडली की परत येते. दुसऱ्या पायरीत ती आपोआप निसटते आणि पाय सरळ केला की जागेवर बसते. तिसऱ्या पायरीत ती बहुतांश वेळ बाहेरच असते, हाताने बसवली तरी पुन्हा सरकते. चौथ्या पायरीत ती कायमची बाहेर असते आणि बसवता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीला बहुधा शस्त्रक्रिया लागते. या तपासणीला यंत्र लागत नाही, भूल लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था गुडघ्याची नोंद कुत्रं किमान बारा महिन्यांचं झाल्यावरच करते, कारण लहान वयात दोष लपलेला असू शकतो. इतकी स्वस्त आणि सोपी तपासणी असताना ती न करता मेटिंग करणं याला माझ्या मते कोणतीच सबब नाही. हा दोष एका जनुकामुळे होत नाही, अनेक जनुकं मिळून तो घडवतात. त्यामुळे त्यासाठी रक्ताची चाचणी मागून उपयोग नाही. आईचे, बापाचे, जमलं तर त्यांच्या भावंडांचे गुडघे बघणं हाच मार्ग आहे. दुसऱ्या पायरीपासून पुढचं कुत्रं, कितीही देखणं असो, पैदाशीला वापरू नये.

आता पग. २००३मध्ये 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग देशभर घराघरांत पोचला आणि पिल्लांची मागणी एकदम वाढली. मागणी वाढली की पैदास वाढते, आणि घाईच्या पैदाशीत चेहरा जितका चपटा तितका भाव जास्त. चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्याचं हाड आखूड झालेलं असतं, आतले मऊ भाग मात्र त्या मानाने लहान होत नाहीत. नाकपुड्या चिरेसारख्या बारीक राहतात, घशाच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा लांब पडून श्वासाच्या वाटेत येतो, आणि सतत जोर लावून श्वास ओढल्यामुळे स्वरयंत्राजवळच्या ऊती आत खेचल्या जातात. कुत्रं घामावाटे अंग गार करू शकत नाही, ते धापा टाकून गार करतं. ज्याची धाप टाकण्याची वाटच अरुंद आहे त्याला विदर्भाचा मे महिना किंवा मुंबईचा ऑक्टोबर जिवावर बेतू शकतो.

पग घोरतोच, असं विक्रेते सांगतात आणि लोक मान डोलावतात. घोरणं नेहमीचं झालं म्हणून ते निरोगी ठरत नाही. पग बसल्या बसल्या झोपत असेल, हनुवटी उंचावर टेकवून किंवा तोंडात खेळणं धरून झोपत असेल, थोडं चालून फेस टाकत असेल, तर त्याला पुरेशी हवा मिळत नाहीये. ब्रिटनच्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठासोबत २०१९मध्ये अशा जातींसाठी श्वासाची परीक्षा सुरू केली. डॉक्टर आधी स्टेथोस्कोपने ऐकतात, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि पुन्हा ऐकतात. त्यावरून शून्य ते तीन असा दर्जा देतात. तीन दर्जाच्या कुत्र्याची पैदास करू नये असा सल्ला आहे. ही परीक्षा तुम्ही विक्रेत्याच्या दारात ढोबळमानाने घेऊ शकता. पिल्लाच्या आईला तीन मिनिटं भरभर चालवून आणा असं सांगा आणि तिच्या शेजारी उभं राहून ऐका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला घरघर ऐकू आली तर घरी परत या. नेदरलँड्सने याहून पुढचं पाऊल उचललं आहे. तिथल्या निकषांनुसार पैदाशीच्या कुत्र्याचं तोंड कवटीच्या लांबीच्या किमान एक तृतीयांश असावं लागतं.

नियम पाळून फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचं उदाहरण द्यावं. ही जात आपल्याकडे कमी दिसते, पण छोट्या जातींच्या आनुवंशिक आजारांबद्दल सर्वांत जास्त शिकवलं तिनेच. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळणं हा म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांचा सर्रास आजार. चिवावा, पूडल, पॉमेरेनियन सगळ्यांना होतो. कॅव्हेलियरमध्ये तो फार लवकर येतो. पाच-सहा वर्षांची होईतो निम्म्याच्या आसपास कुत्र्यांच्या हृदयात डॉक्टरांना मरमर, म्हणजे गळत्या झडपेचा आवाज, ऐकू येते, दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या. अडचण अशी की कुत्री दीड-दोन वर्षांची असताना हृदय स्वच्छ असतं, तेव्हाच तिला लावतात, आणि आजार उघड होईपर्यंत तिच्या मुलींनाही पिल्लं झालेली असतात. म्हणून या जातीसाठी नियम सुचवला गेला तो असा: अडीच वर्षांच्या आत पैदास नको, आणि त्या कुत्र्याच्या आईबापांचं हृदय पाच वर्षांचे असताना स्वच्छ असलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये हृदयाची तपासणी सक्तीची केली. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ-दहा वर्षांच्या काळात या आजाराचा धोका सुमारे ७३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कोणतंही नवं औषध न वापरता, फक्त कुणाला कुणाशी लावायचं हे बदलून.

त्याच जातीत दुसरं एक दुखणं आहे. कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात, आणि कुत्रं चालता चालता मानेजवळ हवेतच खाजवत राहतं. २००८मध्ये बीबीसीच्या 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' या माहितीपटाने हे दुखणं जगासमोर आणलं आणि पुढच्या वर्षीपासून बीबीसीने क्रफ्ट्स हे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन दाखवणं थांबवलं. नॉर्वेत प्रकरण न्यायालयात गेलं. २०२२मध्ये ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने कॅव्हेलियरच्या पैदाशीवर बंदी घातली आणि २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एखादी जात इतकी अडचणीत येते की तिला बाहेरचं रक्त आणल्याशिवाय वाचवता येत नाही, हे कळायला आपण न्यायालयाची वाट बघू नये.

बाकीचे आजार थोडक्यात सांगते. यॉर्कशायर आणि पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडून ती चपटी होते. हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो. या कुत्र्यांना गळपट्टा नको, छातीचा हार्नेस हवा. यॉर्कशायर आणि माल्टीजमध्ये जन्मतःच एक रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून जाते. पिल्लू वाढत नाही, जेवणानंतर गुंगल्यासारखं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची रक्ततपासणी केली की हा दोष कळतो. चिवावाच्या डोक्यावरची टाळू कित्येकदा भरून येत नाही, आणि काहींच्या मेंदूत पाणी साठतं. यॉर्कशायर, टॉय पूडल यांना पाच ते आठ महिन्यांच्या वयात मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा झिजण्याचा आजार होतो. दात सगळ्याच छोट्या जातींत गर्दी करतात, कारण लांडग्याएवढेच बेचाळीस दात इवल्याशा जबड्यात बसवायचे असतात. दुधाचे सुळे सातव्या महिन्यानंतरही पडले नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

चाचण्यांबद्दल दोन शब्द, कारण इथे फसवणूक सर्वांत सोपी आहे. काही आजार एकाच जनुकामुळे होतात. टॉय पूडलमध्ये हळूहळू आंधळेपण आणणारा डोळ्याच्या पडद्याचा एक आजार असाच आहे. तो होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून दोषी जनुक यावं लागतं. एकच दोषी प्रत असलेलं कुत्रं स्वतः निरोगी असतं, फक्त वाहक असतं. दोन वाहकांचा जोडा लावला तर सरासरी चारातलं एक पिल्लू आंधळं होणारं, दोन वाहक आणि एक पूर्ण निर्दोष. वाहकाला निर्दोषाशी लावलं तर एकही पिल्लू आजारी पडत नाही. म्हणजे वाहक कुत्रं फेकून द्यायची गरज नाही, त्याचा जोडा विचारपूर्वक निवडायचा. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर ही चाचणी होते. पण असा एक रिपोर्ट हातात ठेवून 'डीएनए क्लिअर' म्हणणारा ब्रीडर गुडघा, हृदय आणि श्वास यांच्याबद्दल काहीच सांगत नसतो. ते तिन्ही प्रत्यक्ष तपासावे लागतात.

'पेपर्स'चंही तसंच. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं. आरोग्य सांगत नाही. पण वंशावळ वाचायला शिकलात तर त्यातून फार कळतं. तीन पिढ्यांत एकच नर दोन-तीनदा दिसला तर सावध व्हा. सख्ख्या भावाबहिणींच्या पिल्लात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के असतं, सावत्र भावंडांच्या १२.५ आणि मावस-चुलत भावंडांच्या ६.२५. एखाद्या विजेत्या नराला गावभर वापरलं की पुढच्या पिढीत सगळेच एकमेकांचे नातेवाईक होतात, आणि लपलेला दोष नेमका तेव्हा जोडीने समोर येतो.

'टीकप' असा शब्द जिथे लिहिलेला असेल तिथून पिल्लू घेऊ नका. कोणत्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबने ही जात किंवा उपजात मानलेली नाही. ती बनते वेतातलं सर्वांत अशक्त पिल्लू दुसऱ्या वेतातल्या अशक्त पिल्लाशी लावून, किंवा सरळ सहा आठवड्यांचं पिल्लू आठ आठवड्यांचं म्हणून विकून. एक किलोच्या आसपासचं पिल्लू दोन जेवणं चुकली तरी साखर उतरून बेशुद्ध पडू शकतं. 'रेअर कलर'बद्दलही विचारा. चट्ट्याचट्ट्यांचा मर्ल रंग फॅशनमध्ये आहे. दोन मर्ल कुत्र्यांचा जोडा लावला तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला दुहेरी मर्ल मिळतो, आणि अशी पिल्लं बहिरी, आंधळी किंवा दोन्ही असण्याचा धोका मोठा असतो.

मग विक्रेत्याकडे काय मागायचं? आईला प्रत्यक्ष बघायचं, पिल्लांसोबत, त्यांच्या राहत्या जागी. 'आई गावाला आहे' म्हटलं की विषय संपला. आईबापांच्या गुडघ्याच्या आणि हृदयाच्या तपासणीचे कागद, डॉक्टरांचं नाव, तारीख आणि कुत्र्याच्या मायक्रोचिपचा क्रमांक असलेले. आजी-आजोबा अजून आहेत का, नसतील तर कशाने गेले. आधीच्या वेतातलं एखादं कुत्रं बघता येईल का. चांगला ब्रीडर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तोच तुम्हाला विचारतो की घरी कोण असतं, कितव्या मजल्यावर राहता, डॉक्टर कोण. रस्त्यावर गाडी थांबवून, बाजारातल्या पिंजऱ्यातून किंवा कुरिअरने पिल्लू घेऊ नका. दया येऊन घेतलेलं एक पिल्लूसुद्धा त्या पिंजऱ्याच्या मालकाला पुढचं वेत लावायला पैसे देतं.

आता घरी मादी असलेल्यांसाठी. एकदा पिल्लं झाली की तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, हा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट नसबंदी केली की गर्भाशयात पू होण्याचा, म्हाताऱ्या मादीचा जीव घेणारा आजार टळतो. छोट्या मादीचं बाळंतपण सोपं नसतं. पिल्लं कमी आणि डोकी मोठी, त्यामुळे पिल्लू अडकतं आणि रात्री दोन वाजता सिझेरियन करू शकणारा डॉक्टर शोधावा लागतो. शहराबाहेर असा डॉक्टर मिळणं किती कठीण, हे ग्रामीण भागातल्या वाचकांना सांगायला नको.

तरीही करायचंच असेल, तर कायदा माहीत असू द्या. २०१७पासून देशात श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम लागू आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी किमान अठरा महिन्यांची हवी, डॉक्टरांनी निरोगी ठरवलेली हवी, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नकोत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे किमान आहे. माझं म्हणणं असं की छोट्या जातीच्या मादीला दोन वर्षांआधी लावूच नये, तोवर गुडघे आणि हृदय पुरेसे बोलते होत नाहीत. जोडा ठरवताना मादीत जे कमकुवत आहे ते नरात भक्कम हवं. दोघांत एकच दोष असेल तर तो जोडा सोडा. आणि फार बारकी मादी असेल, तर तिला आई करण्याचा विचार सोडा.

ज्यांच्या घरी दोष असलेलं कुत्रं आधीच आहे, त्यांनी खचून जाऊ नये. यातली बरीच कुत्री नीट सांभाळली तर समाधानाने जगतात. वजन वाढू देऊ नका. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. गुडघे कमजोर असतील तर गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरा, सोफ्यावरून उड्या बंद करा. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्रीच फिरवा. हृदयात मरमर असेल तर कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजून वहीत लिहा. तीसच्या वर जाऊ लागलं की डॉक्टरांकडे जा. झडप गळून हृदय मोठं झालं असेल आणि लक्षणं अजून नसतील, तर पिमोबेंडन हे औषध हृदय निकामी होणं सरासरी पंधरा महिने पुढे ढकलतं, असं २०१६च्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून वर्षातून एकदा हृदय ऐकवून घेणं वाया जात नाही.

अशा कुत्र्याची नसबंदी करा. आणि निदान झालं की रिपोर्टची प्रत ब्रीडरला पाठवा, त्याच वेतातली भावंडं ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही कळवा. ते वेळेवर तपासून घेऊ शकतील, आणि तोच जोडा पुन्हा लावायचा का, हे ठरवताना ब्रीडरला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.